ठिपके जुने, धंदा नवा

एखाद्या जुन्या गाजलेल्या व्हिडीओ गेमचा नवा भाग जाहीर होतो. त्यातली चित्रं तीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखी चौकोनी ठिपक्यांची असली की दोन गट लगेच भांडायला उभे राहतात. पहिला गट म्हणतो, कंपनीने अंगचोरी केली, आजच्या ताकदवान मशीनवर असली चित्रं देणं म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणं. दुसरा गट गहिवरून जातो आणि म्हणतो, वा, बालपण परत मिळालं. माझं या दोघांशीही पटत नाही. पहिल्या गटाला चित्रामागची मेहनत दिसत नाही. दुसऱ्या गटाला आपल्याच आठवणी आपल्यालाच विकल्या जातायत हे दिसत नाही. या भांडणाच्या आडून कंपन्या मात्र निवांत गल्ला मोजत बसतात, आणि मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

ज्यांचा या विषयाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी बोलतोय ते उड्या मारत, खड्डे चुकवत, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायच्या खेळांबद्दल. इंग्रजीत त्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. मारिओ, सोनिक, मेगा मॅन ही त्यातली मोठी नावं. १९९६ साली सुपर मारिओ ६४ आला आणि मारिओ तिन्ही बाजूंनी फिरता येईल अशा जगात पळू लागला. त्यानंतर बरीच वर्षं सपाट, ठिपक्यांचे गेम म्हणजे मागासलेपणा अशी समजूत पसरली होती. मग २००८ साली कॅपकॉमने मेगा मॅन ९ आणला. त्याच्या आधीचा मेगा मॅन ८ हा १९९६ सालचा, मोठ्या रंगीत कार्टूनसारखा गेम होता. नववा भाग मात्र मुद्दाम १९८८ सालच्या मेगा मॅन २ सारखा दिसत होता आणि वाजतही होता. आज चाललेल्या वादाची सुरुवात मी तिथून धरतो.

आता पहिल्या गटाचा दावा तपासू. ठिपक्यांचं चित्र म्हणजे सोपं चित्र, असं ज्यांना वाटतं त्यांनी निन्टेंडोच्या फॅमिकॉमची अडचण समजून घ्यावी. हे मशीन १९८३ साली जपानमध्ये बाजारात आलं. पडद्यावर २५६ आडवे आणि २४० उभे ठिपके. हलणाऱ्या प्रत्येक तुकड्याला फक्त तीन रंग, चौथा पारदर्शक. एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दिसू शकत. नववा आला की तो गायबच. म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला तुकड्यांचा क्रम बदलत, म्हणजे एकच शत्रू कायमचा नाहीसा होण्याऐवजी सगळे आळीपाळीने लुकलुकत राहत. आपल्याला जी लुकलुक आठवते ती बिघाडामुळे नव्हती. एका कोंडीतून काढलेली ती वाट होती.

याच कोंडीतून पात्रं जन्माला आली. मारिओला मिशी का? तर इतक्या कमी ठिपक्यांत तोंड दाखवता येत नव्हतं, मिशी दिली की नाक वेगळं दिसतं. टोपी का? केस काढायला आणि ते हलते ठेवायला जागा नव्हती. बिब असलेली पँट का? तर हात अंगापासून वेगळे दिसावेत आणि पळताना हलताना कळावेत म्हणून. शिगेरू मियामोतो यांनी १९८१ सालच्या डाँकी काँगसाठी हे केलं आणि पुढे तोच चेहरा जगभर गेला. १९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हा एकच आकार आहे, फक्त रंग बदललेला. संपूर्ण गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. आज मोबाइलवर येणारा सकाळचा सुप्रभातचा फोटोसुद्धा अनेकदा त्याहून जड असतो.

मेगा मॅनचंही तेच. त्याच्या अंगाला एक तुकडा आणि चेहऱ्याला वरून दुसरा तुकडा लावलेला आहे, कारण तीन रंगांत निळं चिलखत आणि कातडीचा रंग दोन्ही बसत नव्हते. हे काम करणाऱ्या माणसाला एकेक ठिपका खर्च करताना हिशेब द्यावा लागत होता. घरखर्च चालवणाऱ्या बाईला महिनाअखेरीला जसा द्यावा लागतो तसा. त्रिमिती मॉडेल एकदा बनवलं की ते वळवता येतं, वाकवता येतं, दुरून-जवळून दाखवता येतं. ठिपक्यांच्या पात्राची प्रत्येक हालचाल हाताने नव्याने बसवावी लागते. त्यामुळे 'ठिपके म्हणजे कामचुकारपणा' हा आरोप मुळातच लागू पडत नाही. कामचुकारपणा ठिपक्यांत होऊ शकतो तसा त्रिमितीतही होऊ शकतो. २००६ साली न्यू सुपर मारिओ ब्रदर्स आला आणि तुफान खपला. त्यानंतर २००९ मध्ये एक आणि २०१२ या एकाच वर्षात दोन, असे त्या नावाचे भाग निघत गेले. चित्रं त्रिमिती, गुळगुळीत, पण सगळ्यांचा चेहरामोहरा इतका सारखा की शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुठला हे ओळखायला दोनदा बघावं लागतं. त्या मालिकेला नवं रूप द्यायला निन्टेंडोला २०२३ सालचा सुपर मारिओ ब्रदर्स वंडर यावा लागला. नव्या तंत्राने आळस झाकला जातो, जात नाही.

मग मेगा मॅन ९ मध्ये त्यांनी काय केलं? चित्रं जुनी घेतली, आणि त्यासोबत जुने नियमही घेतले. तिसऱ्या भागात मेगा मॅनला जमिनीवरून घसरत जायला मिळालं होतं, चौथ्या भागात बटण दाबून ठेवून मोठी गोळी साठवायला मिळाली होती. नवव्या भागात दोन्ही काढून टाकलं. आता खेळणाऱ्याकडे फक्त उडी आणि साधी गोळी, त्यामुळे प्रत्येक शत्रू कुठे उभा करायचा आणि प्रत्येक खड्डा किती रुंद ठेवायचा हे नव्याने विचार करून ठरवावं लागलं. त्यांनी ते ठरवलं, आणि म्हणून तो गेम आजही खेळावासा वाटतो. ही झाली खरी बाजू. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेगा मॅनकडून काढून घेतलेल्या त्याच दोन गोष्टी प्रोटो मॅन या दुसऱ्या पात्राला दिल्या आणि ते पात्र वेगळे पैसे घेऊन विकलं. शिवाय जुन्या मशीनची लुकलुक हवी असेल तर ती चालू करायचा पर्यायही दिला. जी अडचण मूळ कारागिरांनी नाइलाजाने सोसली ती इथे शोभेची वस्तू झाली. दुकानात नवीन लाकडाला मुद्दाम भोकं पाडून 'जुना वाडा' थाटाचं फर्निचर विकतात, त्यातलाच हा प्रकार. २०१० साली मेगा मॅन १० तसाच आला आणि तोवर ती कल्पना शिळी व्हायला लागली होती. एकदा केलेली गोष्ट धाडस असते. दुसऱ्यांदा तीच केली की तो साचा होतो.

आता दुसऱ्या गटाकडे, बालपणवाल्यांकडे येतो.

माझा प्रश्न साधा आहे: कुणाचं बालपण? या गेमच्या जाहिराती ज्या आठवणींना हाक मारतात त्या अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मध्यमवर्गीय मुलांच्या आहेत. नाताळच्या सकाळी झाडाखाली ठेवलेला खोका, त्यात कंपनीचं मशीन, सोबत रंगीत पुस्तिका. आमच्या गावात निन्टेंडो नावाचं खरं मशीन कुणी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे होता 'टीव्ही गेम'. फॅमिकॉमची नक्कल केलेलं स्वस्त मशीन, सोबत पिवळी कॅसेट, वर छापलेलं '९९९९ इन १', आणि आत मोजून वीस-पंचवीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की पिनांवर फुंकर मारायची. आणि बहुतेकांच्या घरी टीव्ही होता ब्लॅक अँड व्हाइट. अँटेनाच्या जागी वायर खुपसून, बटण फिरवत फिरवत, मुंग्यांच्या गर्दीतून मारिओ शोधायचा. आम्ही करड्या रंगाचा मारिओ करड्या आकाशाखाली पळवला. त्याची टोपी लाल आहे हे मला गेममधून कळलंच नाही, ते दप्तरावरच्या चित्रावरून कळलं.

म्हणून 'तेच जुने रंग, तीच जुनी मजा' असं कुणी मला सांगितलं की मी विचारतो, ते रंग माझे कधी होते? आणि तरीही तो गेम आम्हाला धरून ठेवत होता. रंग नव्हते, चित्र स्वच्छ नव्हतं, नाव खरं नव्हतं, पण उडी तीच होती. बटण किती वेळ दाबलं त्यावर उडीची उंची ठरते, पळत येऊन उडी मारली तर ती लांब जाते, हवेत असतानाही थोडं वळता येतं. हे सगळं त्या मुंग्यांतून आमच्या बोटांपर्यंत पोचत होतं. गेमचा जीव कुठे असतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला देता येणार नाही.

बरं, ज्यांच्याकडे खरं मशीन आणि रंगीत टीव्ही होता त्यांनी तरी आजचे हे ठिपके पाहिले होते का? नाही. तेव्हाचे टीव्ही काचेच्या मोठ्या नळीचे. त्यावर ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळत. चित्रकार हे धरूनच काम करत. सेगाच्या मशीनवर १९९१ साली आलेल्या सोनिकमध्ये पहिल्याच टप्प्यात धबधबे आहेत. ते उभ्या पट्ट्यांनी काढलेत, एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. साध्या वायरने जोडलेल्या टीव्हीवर या पट्ट्या एकमेकांत विरघळायच्या आणि मागचं दृश्य आरपार दिसायचं. मशीनला धड पारदर्शक रंग देता येत नव्हता, तो टीव्हीच्या दोषाकडून करवून घेतला. आजच्या सपाट पडद्यावर तोच धबधबा जाळीच्या पडद्यासारखा दिसतो. म्हणजे ज्या धारदार चौकोनांना आज 'रेट्रो' म्हणून डोक्यावर घेतलं जातं ते जुन्या काळात कुणाच्याच घरी नव्हते. ती भूतकाळाची आठवण नाही, भूतकाळाचा आजच्या पडद्यावर काढलेला एक्स-रे आहे. तो सुंदर असू शकतो. पण त्याला 'जसंच्या तसं' म्हणू नये.

मग जुन्या गेमचा नवा भाग काढताना निष्ठा कशाशी ठेवायची? याचं उत्तर सोनिकच्याच दोन गेममध्ये सापडतं. २०१० साली सेगाने सोनिक ४ चा पहिला भाग आणला. नाव असं दिलं की १९९४ नंतर तुटलेला धागा पुन्हा जोडतोय असं वाटावं. चित्रं नव्या तंत्राची, पण जागा सगळ्या ओळखीच्या: हिरवी टेकडी, जुगाराचा अड्डा, पाण्यातला भूलभुलैया, यंत्रांचा कारखाना. फक्त सोनिक सोनिकसारखा पळत नव्हता. हवेत असताना बटण सोडलं की तो जागीच थबकायचा. तीव्र चढावर वेग नसतानाही उभा राहायचा. मूळ सोनिकचा सगळा खेळ उतारावर वेग कमावण्याचा आणि तो चढावर खर्चण्याचा होता. तोच हिशेब मोडला. जुन्या घराचा फोटो दाखवून भाडेकरू आणावा आणि आत पायऱ्याच नसाव्यात, तशी गत.

सात वर्षांनी, २०१७ साली, सोनिक मॅनिया आला. तो क्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने आणि त्याच्यासारख्याच जुन्या चाहत्यांच्या दोन छोट्या चमूंनी बनवला. व्हाइटहेडने आधी सोनिक सीडी हा १९९३ चा गेम स्वतःच्या हौसेने मोबाइलवर चालवून दाखवला होता. सेगाने त्याला दारात उभं न करता काम दिलं, याबद्दल सेगाचं कौतुक करायलाच हवं. मॅनियामध्ये चित्रं ठिपक्यांची आहेत, पण ती जुन्या मशीनवर चालणारच नाहीत. पडदा रुंद आहे, हालचाली जास्त सफाईदार आहेत, लुकलुक नाही. नियम जिथे खेळाच्या आड येत होते तिथे मोडले. उताराचा हिशेब मात्र दशांशापर्यंत सांभाळला. टीकाकारांनी आणि खेळणाऱ्यांनी तो उचलून धरला तो यासाठी. तरी एक गोष्ट बोचते. त्यात बारा टप्पे आहेत आणि त्यातले चारच पूर्ण नवे. उरलेले आठ जुन्याच जागा नव्याने सजवलेल्या. ज्या चमूला नवं रचता येत होतं, हे त्या चारांवरून स्पष्ट दिसतं, त्या चमूच्या हातात पुन्हा तीच हिरवी टेकडी दिली गेली.

मला हे समजावून सांगायला आपल्याकडची गझल बरी पडते. गझलेला वृत्त लागतं, काफिया लागतो, बहुतेकदा रदीफही. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती हीच शिस्त मराठी कवींच्या गळी उतरवायला. शेरात साकी, मैखाना, शमा-परवाना पेरले म्हणून गझल होत नाही, आणि त्यातलं काहीही न वापरता, उसाच्या फडावर आणि एसटी स्टँडवर अस्सल गझल होऊ शकते. ठिपके हे साकी आणि मैखाना आहेत. उडी, वेग, खड्ड्याची रुंदी, शत्रूची वेळ हे वृत्त आहे. वृत्त सांभाळणाऱ्याने ठिपके वापरावेत किंवा वापरू नयेत, ती त्याची मर्जी. नुसते ठिपके पेरणाऱ्याला मात्र विचारलं पाहिजे, बाबा, मात्रा मोजल्यास का?

निन्टेंडोला हे ठाऊक आहे, हे २०१५ सालच्या सुपर मारिओ मेकरमध्ये दिसलं. त्यात खेळणारा स्वतः टप्पा रचतो आणि एका बटणाने त्याला १९८५ च्या, १९८८ च्या, १९९० च्या किंवा नव्या मारिओचं रूप देतो. रूप बदललं की मारिओला काय काय येतं तेही बदलतं. सर्वांत जुन्या रूपात त्याला कासवाची पाठ उचलून फेकता येत नाही. नव्या रूपात भिंतीवरून उडी मारता येते. म्हणजे रूप आणि नियम यांची गाठ असते हे बनवणारे जाणतात. विकणारे विसरल्यासारखं करतात.

आता मूळ दुखण्यावर येतो. जुन्या रूपाचे नवे भाग काढणाऱ्या कंपन्या प्रत्यक्ष जुन्या गेमशी कशा वागतात? मे २०२२ मध्ये सेगाने सोनिकचे मूळ गेम बहुतेक डिजिटल दुकानांतून सुटे विकणं बंद केलं, कारण पुढच्याच महिन्यात तेच गेम एकत्र बांधून सोनिक ओरिजिन्स या नावाने विकायचे होते. आणि त्या 'मूळ' संचात तिसऱ्या सोनिकच्या काही टप्प्यांचं मूळ संगीतही नव्हतं. निन्टेंडोने मारिओचे तीन जुने गेम एकत्र करून विकले ते फक्त ३१ मार्च २०२१ पर्यंत, हंगामी आंब्यासारखे. वी या मशीनचं डिजिटल दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. मेगा मॅन ९ मुळात तिथे आणि तशाच आणखी दोन दुकानांत विकला गेला होता. जुन्याचा गजर करणारा तो गेम त्या मशीनवर आज विकतच मिळत नाही, दुसऱ्या मशीनवर संग्रहातून घ्यावा लागतो. २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास मांडला की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. जुन्या गेमवर प्रेम करणाऱ्या उद्योगाची ही वागणूक आहे. नक्कल दुकानात मांडायची आणि मूळ प्रत माळ्यावर टाकून कुलूप लावायचं.

आणि ज्यांनी ते ठिपके काढले त्यांचं काय? त्या काळी जपानी कंपन्या आपल्या माणसांची खरी नावं गेमच्या शेवटी देत नसत. दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये म्हणून टोपणनावं छापत. पहिला मेगा मॅन ज्यांनी रचला ते अकिरा कितामुरा तिथे फक्त दोन अक्षरांनी उरले, आणि पुढे कित्येक वर्षं 'मेगा मॅनचे जनक' म्हणून केइजी इनाफुने यांचंच नाव घेतलं गेलं, जरी ते पात्र आपलं एकट्याचं नाही हे इनाफुने यांनी स्वतः सांगितलंय. त्या ठिपक्यांतून अजून पैसा निघतोय. ते ज्या हातांनी ठेवले त्यांतले कित्येक हात निनावीच राहिले. शाहिराचं नाव गाळून पोवाडा गायला तर आपल्याकडे लोक मैफल बंद पाडतील. इथे मात्र कुणाला काही वाटत नाही.

कुणी म्हणेल, अहो, गेमच आहे, इतकं मनावर काय घ्यायचं? घ्यायचं, कारण आमच्या पिढीच्या लाखो मुलांनी पहिल्यांदा जी कला स्वतःच्या हाताने चालवली ती ही होती. सिनेमा आम्ही बघितला, गाणी ऐकली, पण इथे चूक आमची आणि जीतही आमची असायची. तिची नासधूस झाली तर ती फक्त खेळण्याची नासधूस नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या गाजलेल्या नावाचा ठिपक्यांचा नवा भाग आला की कंपनी जुनी की नवी, चित्र जुनं की नवं यावर भांडू नका. तीन गोष्टी विचारा. उडी नीट आहे का? नव्याने रचलेलं किती आहे आणि पुन्हा वाढलेलं किती? आणि ज्या मूळ गेमच्या नावावर हे विकताय तो मूळ गेम, त्याच्या मूळ संगीतासह आणि तो करणाऱ्यांच्या नावासह, आज विकत मिळतो का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर खुशाल पैसे द्या, मीही देईन. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर ठिपके कितीही गोंडस असोत, पैसे खिशातच ठेवा.